हातमोज्यांवर भरवसा नको: आया, मावशी, वॉर्डबॉय, जीडीए यांच्या कामातलं संसर्ग नियंत्रण

शुश्रूषा_कोपरा (धागाकर्ती)

वॉर्डात रुग्णाच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळा हात कुणाचा लागतो? डॉक्टरांचा राउंडपुरता, सिस्टरांचा इंजेक्शन-सलाईनपुरता. कूस बदलणं, अंग पुसणं, डायपर, बेडपॅन, भरवणं, चादर बदलणं, युरिन बॅग रिकामी करणं ही सगळी कामं आया, मावशी, वॉर्डबॉय आणि जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट) करतात. एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर जायचे तर सगळ्यात वर्दळीचा रस्ता हाच. संसर्ग नियंत्रणाचं बरंचसं प्रशिक्षण मात्र इंजेक्शन आणि ड्रेसिंगभोवती फिरतं. म्हणून हा धागा साहाय्यकांच्या कामापुरता ठेवू या.

सुरुवात हातमोज्यांपासून करते. मोजे चढवले की हात स्वच्छच आहेत असं वाटायला लागतं आणि तिथून काम बिघडतं. मोजा तुमच्या कातडीला विष्ठा, रक्त लागू देत नाही. पण मोज्याच्या बाहेरून जे लागलंय ते पुढच्या प्रत्येक वस्तूला लागत जातं. घाण डायपर काढला, पुसून घेतलं, त्याच मोज्यांनी नवा डायपर लावला, चादर सरळ केली, खाटेचं हँडल फिरवलं, पडदा सरकवला आणि उशाजवळची पाण्याची बाटली रुग्णाच्या हातात दिली. आतड्यातले जंतू आता बाटलीच्या झाकणावर आहेत.

घाण भाग संपला की लगेच मोजे काढायचे, सगळं काम उरकेपर्यंत थांबायचं नाही. डायपर गुंडाळून पिशवीत गेला, अंग पुसून झालं, की मोजे उतरवा, हात स्वच्छ करा, आणि मग नवा डायपर, धुतलेली चादर, पांघरूण. रुग्ण कुशीवर असतो, त्याला सोडून बेसिनपर्यंत जाता येत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून काम सुरू करण्याआधीच सॅनिटायझरची बाटली आणि मोज्यांची दुसरी जोडी खाटेच्या पायथ्याशी, हाताला येईल अशी ठेवायची.

मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात, याची दोन कारणं. मोज्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात, आणि मोजा ओढून काढताना मनगटाला किंवा बोटांना बाहेरची बाजू लागतेच. मोज्यांवरच सॅनिटायझर चोळून पुढच्या रुग्णाकडे जाणं तर अजिबात नको. एका रुग्णासाठी एक जोडी, आणि त्याच रुग्णाच्या घाण कामाकडून स्वच्छ कामाकडे वळताना नवी जोडी.

भरवताना, नाडी-बीपी बघताना, व्हीलचेअर ढकलताना, जखम नसलेल्या पाठीला तेल लावताना मोज्यांची गरज नसते. तिथे स्वच्छ हात पुरतात. मोजे लागतात ते रक्त, लघवी, विष्ठा, उलटी, थुंकी, जखम यांना हात लागणार असेल तेव्हा, आणि खरूज किंवा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी रुग्ण वेगळा ठेवला असेल तेव्हा.

हात कधी स्वच्छ करायचे याच्या जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. साहाय्यकांच्या भाषेत सांगायचं तर: रुग्णाला हात लावण्याआधी, तोंड पुसणं, कॅथेटरजवळची स्वच्छता, नळीतून भरवणं अशा जपून करायच्या कामाआधी, अंगातून बाहेर पडलेलं काहीही हाताशी आल्यावर, रुग्णापासून दूर होताना, आणि रुग्णाला हात न लावता नुसतं त्याचं लॉकर, कठडा, सलाईनचा स्टँड हाताळल्यावर. शेवटची वेळ सगळ्यात जास्त चुकते. रिकाम्या खाटेची चादर बदलून सरळ शेजारच्या रुग्णाला उठवायला जाणं ही रोजची गोष्ट आहे.

---

गोदाकाठ

चांगला धागा, ताई. हात धुण्याबद्दल भर घालतो.

साबण-पाण्याने एकूण ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. सॅनिटायझर तळहाताच्या खोलगट भागात भरेल एवढा घ्यायचा आणि हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळायचा. दोन थेंब घेऊन पाच सेकंदांत हात झटकले तर ते जमेस धरू नका. ओल्या हातांवरही घेऊ नका, पाण्याने अल्कोहोल पातळ होतं.

सगळ्यात जास्त राहून जाणाऱ्या जागा म्हणजे अंगठा, बोटांची टोकं आणि दोन बोटांमधल्या बेचक्या. आणि रुग्णाला सगळ्यात जास्त लागतात ती अंगठा आणि बोटांची टोकंच. क्रम लक्षात राहावा म्हणून ‘सुमनक’ वापरतात: सरळ, उलटा, मूठ, अंगठा, नखं, कलाई (मनगट). बोटांच्या बेचक्या त्यात नावाने येत नाहीत, त्या ‘सरळ’ आणि ‘उलटा’ करताना बोटांत बोटं घालून घासायच्या.

सॅनिटायझर कुठे चालत नाही हेही माहीत हवं. हाताला दिसणारी घाण लागली असेल तर साबण-पाणीच. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाकडेही साबण-पाणीच, कारण नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोल कमी पडतं आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाबाच्या जंतूच्या बीजाणूंवर तर चालतच नाही. ते चोळून मरत नाहीत, पाण्याबरोबर वाहून जायला हवेत.

कोपराखाली काही नको. अंगठी, घड्याळ, मनगटाचा गंडा, बांगड्या, सगळ्यांखालची कातडी ओली आणि अस्वच्छ राहते. हिरवा चुडा हा नाजूक विषय आहे हे मान्य, पण काचेच्या बांगड्या मोजे फाडतात आणि रुग्णाची कातडी ओरखडतात. ड्युटीवर येताना काढून पर्समध्ये ठेवणं किंवा ते जमत नसेल तर सुती धाग्यात गळ्यात अडकवून गणवेशाच्या आत ठेवणं, असा मार्ग काढता येतो. नखं बोटाच्या टोकापुढे अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त नकोत, आणि चिकटवलेली नकली नखं मुळीच नकोत.

---

केतकीपान

वारंवार धुऊन हात फुटतात त्याचं काय? थंडीत तर भेगा पडतात, मग माणसं धुणंच टाळतात.

---

गोदाकाठ

@केतकीपान, हा खरा प्रश्न आहे. भेगांमध्ये जंतू घर करतात, म्हणजे फुटलेला हात जास्त धोक्याचा. हात दिसायला स्वच्छ असतील तिथे साबणाऐवजी ग्लिसरीन घातलेला सॅनिटायझर वापरला तर कातडी कमी फुटते. साबण लावून लगेच वर सॅनिटायझर असं दोन्ही पाठोपाठ लावू नका, सगळ्यात जास्त जळजळ त्यानेच होते. गरम पाणी टाळा. हात घासून पुसू नका, टिपून घ्या. हात ओले असताना मोजे चढवू नका.

खोबरेल तेल रात्री झोपताना लावा, ड्युटीवर नको. तेलाने लॅटेक्सचे मोजे मऊ पडून फाटतात.

साबणाची वडी चालेल, पण लहान तुकडा, जाळीच्या डबीत, पाणी निथळेल अशी. पाण्यात पडून बुळबुळीत झालेली वडी टाकून द्या. लिक्विड सोपच्या बाटलीत उरलेल्यावर नवं ओतत राहायचं नाही. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरायची. आणि बेसिनजवळ लटकलेला सगळ्यांचा एकच टॉवेल आजच काढून टाका. कागदी टॉवेल नसतील तर छोट्या सुती रुमालांचा गठ्ठा ठेवा. एकदा वापरला की रुमाल धुवायला.

---

डोंगरवाट

हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं) प्रमाण कुणी नीट सांगेल का? प्रत्येक वॉर्डात वेगळं ऐकू येतं. कुणी म्हणतं एक झाकण, कुणी म्हणतं एक मग.

---

रसायनवही

झाकण आणि मग या मापांनीच गोंधळ होतो. आधी कॅनवरचा टक्का वाचा. बाजारात ४, ५ आणि १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. कॅनवरच्या टक्क्याला हव्या असलेल्या टक्क्याने भागा, उत्तरातून १ वजा करा. हायपोच्या एका मापाला तेवढी मापं पाणी.

५ टक्क्यांच्या कॅनमधून १ टक्का हवं: ५ भागिले १ म्हणजे ५, वजा १ म्हणजे ४. एक लिटर हायपो, चार लिटर पाणी. त्याच कॅनमधून अर्धा टक्का हवं: एकाला नऊ. १० टक्क्यांच्या कॅनमधून १ टक्का: एकाला नऊ. ४ टक्क्यांमधून १ टक्का: एकाला तीन. ब्लीचिंग पावडर असेल आणि तिच्यात ३० टक्के क्लोरीन असेल तर १ टक्क्यासाठी लिटरमागे ३३ ग्रॅम. ढवळून गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी घ्या.

रक्त सांडलं तर १ टक्का. कठडे, लॉकर, दरवाजाचे हँडल अशा सतत हात लागणाऱ्या जागांना साधारण अर्धा टक्का पुरतं. ‘जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं’ असं इथे नसतं. जास्त कडक द्रावणाने स्टीलला गंज चढतो, रेक्झिनला चिरा पडतात, आणि चिरा पडलेली गादी कशानेही स्वच्छ होत नाही, ती बदलावीच लागते.

हायपो निकामी का होतं, हेही सांगतो.

घाण. रक्त, विष्ठा, माती यांच्याशी लढण्यातच क्लोरीन खर्च होतं. म्हणून आधी घाण उचला, डिटर्जंटने धुवा, मग हायपो.

उजेड, उष्णता आणि वेळ. पारदर्शक बाटलीत खिडकीशी ठेवलेलं द्रावण काही दिवसांनी नुसतं खारट पाणी असतं. थंड पाण्यात बनवा, झाकणाच्या अपारदर्शक डब्यात ठेवा, वर तारीख-वेळ लिहा, २४ तासांनी ओतून द्या.

घाई. ओतलं आणि पुसलं, असं चालत नाही. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहायला हवा. स्टील असेल तर १० मिनिटांनंतर साध्या पाण्याने पुसून घ्या.

आणि एक इशारा, हा भिंतीवर लावण्यासारखा आहे. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं. त्यात हायपो मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. लघवीने भरलेल्या बेडपॅनमध्येही हायपो ओतू नका, त्यातूनही झोंबणारा विषारी धूर निघतो. बेडपॅन आधी संडासात रिकामं करा, पाण्याने विसळा, डिटर्जंटने घासा, शेवटी हायपो, मग पालथं वाळत.

---

निळी_बादली

रक्त किंवा उलटी सांडल्यावरचा क्रम देतो. बहुतेक ठिकाणी सरळ ओला पोछा फिरवला जातो आणि वितभर डाग हातभर पसरतो.

आधी माणसं थांबवा, जागेभोवती स्टूल किंवा पाटी ठेवा. मोजे घाला, उडण्याची शक्यता असेल तर मास्क, चष्मा आणि प्लॅस्टिकचा एप्रन. काच फुटली असेल तर हाताने उचलू नका, चिमटा किंवा पुठ्ठ्याचे दोन तुकडे वापरा. डागावर टिपकागद, जुनं सुती कापड किंवा गॉज पसरा. आता त्यावर १ टक्का हायपो, कडेकडून मध्याकडे ओता. मध्यावर एकदम ओतलं तर डाग पसरतो आणि शिंतोडे उडतात. १० मिनिटं थांबा. कागद बाहेरून आत गोळा करत पिवळ्या पिशवीत टाका. पुन्हा हायपोने पुसा, शेवटी डिटर्जंट-पाण्याने. मोजे काढा, हात साबणाने धुवा.

लादीसाठी तीन बादल्या: डिटर्जंटची, साध्या पाण्याची, जंतुनाशकाची. डिटर्जंटमध्ये बुडवून पुसायचं, साध्या पाण्यात पोछा धुऊन पिळायचा, पुन्हा डिटर्जंट. अशी जागा पुसून झाली आणि सुकली की जंतुनाशकाचा हात. साधं पाणी गढूळ झालं की बदला. ते बदललं नाही तर तिन्ही बादल्यांचा खटाटोप फुकट. आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे या, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. संडासाचा पोछा वेगळ्या रंगाचा ठेवा आणि वॉर्डात आणू नका. वॉर्डात कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडून जखमांवर आणि ट्रेवर बसते. काम झाल्यावर पोछा बादलीत भिजत न ठेवता धुऊन उन्हात लटकवा. रात्रभर ओला राहिलेला पोछा दुसऱ्या दिवशी जंतूच पसरवतो.

---

पांढरा_कोट_नाही

डिस्चार्जनंतर आणि आठवड्यातून एकदा फॉर्मॅलिनचं धुरीकरण करायला सांगतात. ते पुरेसं नाही का?

---

रसायनवही

नाही. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना-घशाला झोंबते आणि ते कर्करोगकारक मानलेलं रसायन आहे. शिवाय कठड्यावर वाळलेल्या थराखाली ते पोचत नाही. धुरी घातली म्हणून कठडा पुसायचा राहतो, हे नुकसान वेगळंच. हाताने घासून पुसण्याला पर्याय नाही.

डिस्चार्जनंतर खाटेचं कार्बोलायझेशन (जंतुनाशकाने पुसून घेणं) करताना वरून खाली या: सलाईन स्टँड, कॉल बेल, लॉकर आतून-बाहेरून, कठडे, गादीच्या दोन्ही बाजू आणि शिवणी, खाटेची चौकट, शेवटी हँडल आणि चाकं. हँडल हमखास विसरलं जातं. सगळं पूर्ण कोरडं झाल्यावरच चादर घाला.

---

शुश्रूषा_कोपरा

आता कॅथेटर. बसवण्याचं आणि काढण्याचं काम सिस्टरांचं. पण पुढचे आठ-दहा दिवस तो सांभाळतं कोण? कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवसाला ३ ते ७ टक्के वाढत जाते, म्हणून रोजची हाताळणी इतकी महत्त्वाची.

बॅग कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना ती त्याच्या पोटावर ठेवली जाते, आणि त्या दोन मिनिटांत बॅगेतली शिळी लघवी नळीतून उलटी आत जाते. हलवण्याआधी बॅग रिकामी करा आणि स्ट्रेचरच्या कडेला खाली अडकवा. कठड्याला अडकवू नका, कठडा वर केला की बॅगही वर जाते. खाटेच्या न हलणाऱ्या चौकटीला अडकवा. जमिनीला मात्र टेकू देऊ नका.

नळीला पीळ किंवा खाली लोंबणारा वेटोळा नको, त्यात लघवी साचते. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल बांधा, ओढ बसली की मूत्रमार्गाला जखम होते.

बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि भरली नसली तरी दर आठ तासांनी. हात स्वच्छ, मोजे, त्या रुग्णाचं स्वतःचं माप-भांडं. बॅगेच्या तोटीचं टोक भांड्याला लागता कामा नये. रिकामी झाल्यावर टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, तोटी बंद करा, माप लिहा, भांडं धुऊन पालथं घाला, मोजे काढा, हात धुवा. आणि मग दुसरा रुग्ण. एकच भांडं घेऊन सहा खाटा फिरणं म्हणजे सहा जणांची लघवी एकमेकांत मिसळणं.

कॅथेटर आणि बॅग यांचा जोड उघडायचा नाही. तपासणीसाठी लघवी बॅगेतून काढायची नाही. नळी गळत असेल, लघवी गढूळ किंवा लाल दिसली, रुग्णाला थंडी वाजली किंवा चार तासांत बॅगेत काहीच आलं नाही तर सिस्टरांना लगेच सांगा. नळी दाबून, पिळून मोकळी करायचा प्रयत्न नको.

रोज आंघोळीच्या वेळी साबण-पाण्याने स्वच्छता. बाईमाणसाची पुढून मागे, एका पुसण्याला कापडाची एक बाजू. पुरुषांमध्ये कातडी मागे घेऊन पुसलं तर नंतर ती पुन्हा पुढे आणायची. विसरलं तर सूज येते.

---

केतकीपान

स्पंजिंगचा क्रमही लिहा ना ताई. सगळं एकाच बादलीतल्या पाण्याने होतं.

---

शुश्रूषा_कोपरा

डोळे पहिले, नुसत्या पाण्याने, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर. दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा. मग चेहरा, मान, हात, काखा, छाती, पोट, पाय, मग पाठ. इथे पाणी आणि कापड दोन्ही बदला आणि शेवटी जननेंद्रियं आणि गुदद्वार. पाणी गार झालं किंवा साबणाने गढूळ झालं तर मधेही बदला. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळ्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत टिपून कोरडं करा, ओल राहिली की बुरशी धरते. सगळ्या वॉर्डात फिरणारं एकच घमेलं शक्य तितक्या लवकर बंद करा. ते होईपर्यंत प्रत्येक रुग्णानंतर डिटर्जंटने घासून, जंतुनाशकाने पुसून, पूर्ण वाळवून पालथं ठेवा. ओली भांडी एकात एक रचली की मधल्या पाण्यात जंतू वाढतात.

चादर झटकायची नाही. चारी बाजूंनी आत गुंडाळत न्या, म्हणजे घाण आत राहते. अंगाला कवटाळून नेऊ नका, तुमचा गणवेश पुढच्या रुग्णाला लागणार असतो. पिशवी खाटेजवळ आणा, चादर पिशवीकडे नेऊ नका. जमिनीवर टाकू नका. विष्ठा असेल तर मोजे घालून ती आधी संडासात काढून टाका. धुलाईत गरम पाणी ७१ अंश सेल्सिअसला २५ मिनिटं.

गुंडाळण्याआधी चादरीवर नीट नजर टाका, हाताने चाचपू नका. चादरीत राहिलेली सुई साहाय्यकांना आणि धुलाईवाल्यांना टोचते. ज्याने सुई वापरली त्यानेच ती सुईच्या डब्यात टाकायची असते. पण तरी सापडली तर चिमट्याने उचला.

---

निळी_बादली

त्यावरून पिशव्यांचे रंग. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६चे आहेत.

पिवळी: रक्त-पू लागलेला कापूस, गॉज, बँडेज, प्लास्टर, शरीराचे भाग, घाण डायपर. लाल: सलाईनचे सेट आणि बाटल्या, नळ्या, कॅथेटर, रिकामी युरिन बॅग, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढरा अर्धपारदर्शक, न टोचणारा डबा: सुया, ब्लेड, सुई न निघणाऱ्या सिरिंज. निळा डबा: औषधाच्या काचेच्या बाटल्या, अँप्युल.

सगळ्यात जास्त चूक हातमोज्यांची होते, ते कापसाबरोबर पिवळ्यात जातात. पिवळ्यातला बराचसा कचरा जाळला जातो, लालमधलं प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात जातं. नको ते प्लॅस्टिक जाळलं की धुरात विष वाढतं.

पिशवी तीन-चतुर्थांश भरली की गाठ मारा. दाबून जागा करू नका, आत सुई असेल तर ती त्याच वेळी टोचते. पाठीवर किंवा पायाला घासत न नेता गळ्याशी धरून अंगापासून लांब धरा, शक्यतो ट्रॉलीवर ठेवा. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

---

डोंगरवाट

सुया आणि मोजे फेकण्याआधी हायपोत बुडवायचे असतात ना?

---

निळी_बादली

@डोंगरवाट, ती जुनी पद्धत. आता सुया कोरड्याच पांढऱ्या डब्यात टाकायच्या, प्लॅस्टिक लाल पिशवीत, पुढची प्रक्रिया कचरा प्रकल्पात होते. आधी जागेवर निर्जंतुक करायचा असतो तो प्रयोगशाळेचा कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या. सुयांच्या डब्यात हायपो ओतलं तर ते सांडण्याचा आणि अंगावर उडण्याचा धोकाच वाढतो.

---

गोदाकाठ

सुई टोचली तर काय, तेही इथे असू द्या. टोचलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू नका, स्पिरिट-हायपो चोळू नका. डोळ्यात उडालं तर पाण्याने किंवा सलाईनने १० मिनिटं धुवा. मग लगेच, ड्युटी संपेपर्यंत न थांबता, सिस्टर-इन्चार्ज किंवा कॅज्युअल्टीला सांगा आणि नोंद करून घ्या. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो २ तासांत सुरू व्हाव्यात, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा, मधे सोडायचा नाही. सरकारी रुग्णालयांच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात त्या मिळतात.

हिपॅटायटिस बी कडे मात्र कमी लक्ष दिलं जातं. संसर्गित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे ३. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३०. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. लसीचे तीन डोस: पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासा, १० mIU/ml किंवा जास्त हवीत. कंत्राटी आहात म्हणून ही लस तुमच्यासाठी नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. सुई पगाराची पावती बघून टोचत नाही.

---

पांढरा_कोट_नाही

टीबीच्या रुग्णाला एन-९५ द्यायचा की सेवकाला?

---

गोदाकाठ

रुग्णाला साधा सर्जिकल मास्क, त्याच्या खोकल्यातले थेंब तिथल्या तिथे अडतात. सेवकाला एन-९५, कारण हवेत तरंगणारे सूक्ष्म कण श्वासात जाऊ द्यायचे नाहीत. एन-९५ दोन्ही पट्ट्यांनी, नाकावरची पट्टी दाबून. दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटली तर तो बसलेला नाही. दाढी असेल तर बसतच नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि वारा तुमच्याकडून रुग्णाकडे जाईल अशा बाजूला उभे राहा.

काढताना क्रम असा: मोजे, हात स्वच्छ, चष्मा, गाऊन, खोलीबाहेर आल्यावर मास्क. मास्कची आधी खालची पट्टी, मग वरची, पुढच्या भागाला हात न लावता. शेवटी परत हात.

---

केतकीपान

घरी बारा तासांच्या ड्युटीवर जाणाऱ्या ताईंसाठी कुणी लिहील का? तिथे ना पिवळी पिशवी, ना सिस्टर.

---

शुश्रूषा_कोपरा

@केतकीपान, घरात जंतू कमी प्रकारचे असतात, पण नजर ठेवणारं कुणी नसतं. तिथे नेमकं काय चुकतं तेवढंच लिहिते.

डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे कचरावेचक ताईंना उघडून बघावं लागत नाही. इन्सुलिनच्या सुया आणि लॅन्सेट (साखर तपासायला बोट टोचायची सुई) जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवा, डब्यावर ‘सुया’ लिहा आणि दवाखान्यात घेतात का ते विचारून तिथे द्या. मोकळ्या सुया कचऱ्याच्या पिशवीत कधीच नकोत. आजी-आजोबा दोघांनाही मधुमेह असेल तर लॅन्सेटचं पेन आणि इन्सुलिनचं पेन दोघांचं वेगळं, सुई बदलली तरी. पेनच्या आत रक्ताचा अंश ओढला जातो आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरतो.

नळीतून भरवताना रुग्णाला ३० ते ४५ अंश उठवून बसवा आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. झोपवून भरवलं तर अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. मिक्सरमधून काढलेली पेज किंवा वरण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. भरवायची सिरिंज प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन दांडा वेगळा करून वाळवा.

तोंडाची स्वच्छता दिवसातून दोनदा, दात नसले तरी. कवळी रात्री काढून घासून ठेवा.

---

डोंगरवाट

ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत नळाचं पाणी चालतं का? घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन) आहे, रोज उरलेल्यावर थोडं ओततात.

---

रसायनवही

दोन्ही चुकीचं. नळाच्या पाण्यातले जंतू बुडबुड्यांबरोबर थेट फुप्फुसात जाऊ शकतात, आणि क्षारांनी बाटलीतली बारीक भोकं बुजतात. निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा, तेही नसेल तर १० मिनिटं खळखळ उकळून झाकून गार केलेलं, त्याच दिवशीचं. पातळी बाटलीवरच्या दोन रेषांच्या मधे. उरलेल्यावर नवं ओतायचं नाही: दर २४ तासांनी सगळं पाणी फेका, बाटली, झाकण आणि आतली नळी डिटर्जंटने घासा, विसळा, पालथं घालून वाळवा. दोन बाटल्या ठेवल्या तर एक वाळत असताना दुसरी लावता येते. नेब्युलायझरचा कप आणि मास्कही प्रत्येक वापरानंतर असाच विसळून वाळवायचा, तो नळीसकट पिशवीत ओला कोंडायचा नाही. नाकातली नळी कडक झाली, पिवळी पडली किंवा आत पाण्याचे थेंब साचायला लागले की बदला, आणि बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून मशीनला लावा, म्हणजे रात्रपाळीच्या ताईंना विचारावं लागत नाही.